पदू मास्तरांवरचा शेरा

१ ऑगस्ट १९८२, रविवार

वर्ग सुरू झाला. यादीत बारा नावं होती, अकरा आले. सात कर्जत तालुक्यातले, चार खालापूरकडचे. आमच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेतली बाकं भिंतीला लावून मधे मोठं टेबल मांडलं होतं.

जानेवारीत अलिबागच्या विज्ञान प्रदर्शनात यंदा एक नवा विभाग आहे. आपोआप चालणारी यंत्रं. ती मुलांनी करायची, शिक्षकांनी मार्गदर्शन करायचं, आणि त्या शिक्षकांना तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मास्तर होण्याआधी मी भिवपुरीच्या वीजघरात नऊ वर्षं होतो, त्यामुळे कुणाला तरी माझं नाव सुचलं असणार.

मी घरी करून ठेवलेली गाडी दाखवली. वीतभर फळी, दोन मोटारी, पोटाखाली उजेड ओळखणारे दोन डोळे. काळ्या फळ्यावर खडूची जाड रेघ ओढली की गाडी त्या रेघेवरून चालते, रेघ वळली की वळते. सगळे टेबलावर वाकून बघत होते. नागू मास्तर खालापूरहून आलेले, ते म्हणाले, "हे आमच्या शाळेत? आमच्या शाळेत वीज नाही, सर." मी म्हणालो, "सेलवर चालतं." चेहऱ्यावरून त्यांना पटलेलं दिसलं नाही.

हायस्कूलमध्ये सतरा वर्षं मी पुस्तकातलं विज्ञान फळ्यावर लिहीत आलो. ह्या बारा रविवारांत काही झालं तर झालं.

८ ऑगस्ट

दहाजण. रोधक ओळखायला शिकवलं. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, वीज अडवणारा असा हा भाग, त्याच्या अंगावर रंगांची वळी असतात. तपकिरी म्हणजे एक, लाल म्हणजे दोन, अशी. रंग वाचता आले की तो किती वीज अडवतो ते कळतं. मूठभर रोधक टेबलावर ओतले आणि प्रत्येकाला पाच-पाच वाचायला दिले. तिघांना जमलं. बाकीच्यांनी तपकिरीला लाल म्हटलं, लालला नारिंगी म्हटलं. शेवटी सगळ्यांचे मीच वाचून वेगवेगळ्या पुड्या बांधल्या. वेळ फार जात होता.

२९ ऑगस्ट

गणपतीमुळे मागचा रविवार बुडाला. आज आठ.

दोघांना वेगळं बसवावं लागलं. पदू चांगो विरले हे वर्गात सगळ्यांत वयस्कर, छप्पन्न वर्षांचे, शेलूजवळच्या एका वाडीवर सातवीपर्यंतच्या शाळेत आहेत. आगरी माणूस, उंच, आवाज भारदस्त, कपडे नेहमी पांढरे धुतलेले. त्यांच्या शेजारी पहिल्या दिवसापासून चौककडच्या जयवंताबाई बसतात. वय पंचवीस-सव्वीस. दोघांची सारखी कुजबुज चालू असते. मी शिकवत असताना बाई त्यांच्या कानाशी काहीतरी बोलत असतात. आज मी मधेच थांबून म्हणालो, "बाई, तुम्ही ह्या टोकाला या. मास्तर, तुम्ही तिथेच."

जयवंताबाई उठल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, इथंच बसते. आम्ही बोलणार नाही."

"मग हलायला हरकत काय?"

त्यांनी पदू मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "जा गं बाय, सर सांगतात तर." त्या उठल्या. पुढचा तासभर मास्तरांनी टेबलावरच्या एकाही वस्तूला हात लावला नाही. ह्या वयात रुसवा.

५ सप्टेंबर

आज डाख द्यायला शिकवलं. तापलेल्या टोकाने कथील वितळवून दोन तारा जोडायच्या. पदू मास्तरांनी उजव्या हातात डाखणी घेतली आणि डाव्या हाताने तार चाचपली. चाचपता चाचपता त्यांचं बोट सरळ तापल्या टोकावर गेलं. चामडीचा वास आला. त्यांनी आवाज केला नाही, बोट तोंडात घातलं.

मला राग आला. समोर तापलेलं टोक आहे आणि माणूस बघत नाही. मी त्यांच्या हातातून डाखणी काढून घेतली आणि जोड मीच दिला. म्हणालो, "लक्ष कुठे असतं, मास्तर? पोरं असती तर कान धरला असता."

सगळे खाली बघत होते. मास्तर म्हणाले, "बराबर हाय, सर."

शिक्षक दिन म्हणून शाळेतल्या मुलींनी सकाळी घरी येऊन गुलाब दिला होता. तो टेबलावर वितळलेल्या कथलात पडून खराब झाला.

९ सप्टेंबर

इंदू बाजारातून आली ती म्हणाली, "अहो, तुमचे ते पदू मास्तर भेटले. मी समोर उभी राहिले, हसले, तरी सरळ पुढे गेले. मी हाक मारल्यावर थांबले. मग आवाजावरून ओळखलं आणि घरच्या सगळ्यांची विचारपूस केली."

मी म्हणालो, "मी बोललो ते मनात धरलंय. राग माझ्यावर, काढतात तुझ्यावर."

"रागावलेला माणूस एवढी चौकशी करतो होय?" असं म्हणून ती आत गेली.

२६ सप्टेंबर

सहाजण. ज्यांना मागच्या रविवारी घरी करून आणायला सांगितलं होतं त्यांपैकी एकानेही केलं नाही. नागू मास्तरांनी पुडी होती तशी परत आणली. "भीती वाटते सर, बिघडलं तर?" बिघडलं तर काय, मी म्हणालो, मी आहे ना. आणि मग, पुडी शाळेतच ठेवून आलेले पदू मास्तर सोडून, पाचांच्या पाच गाड्यांना जोड मीच दिले. ते भोवती उभे राहून बघत होते. माझा हात भराभर चालतो, वीजघरातली सवय. तीन तासांत पाचही झाल्या. सगळ्यांनी "वा सर" म्हटलं, चहा प्याला आणि गेले.

गेल्यावर रिकाम्या प्रयोगशाळेत बसून राहिलो. कुणालाच शिकायचं नाहीये. आपण उगीच आशा धरली.

१७ ऑक्टोबर

भाताची कापणी. चारजण. त्यांत पदू मास्तर होते. ते एकही रविवार चुकलेले नाहीत हे आज हजेरी बघताना लक्षात आलं. का येतात कळत नाही. हाताची घडी घालून, डोळे अर्धे मिटून ऐकत असतात. मधेच एखादा प्रश्न विचारतात. आज विचारलं, "सर, गाडी रेघ सोडते तवा आवाज बदलतो का मोटारीचा?" असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मला उत्तर माहीत नव्हतं. मी म्हणालो, आवाजाचा इथे संबंध नाही, रेघेकडे बघा.

४ नोव्हेंबर, गुरुवार

शाळा-भेटींना आजपासून सुरुवात. पहिली शाळा पदू मास्तरांची. शेलूला उतरून बांधाबांधाने अर्धा तास चालावं लागतं. भात झोडून झालं आहे, खळ्यांवर पेंढा पसरलेला.

सविस्तर लिहून ठेवतो, अहवालाला लागेल.

सातवीची नऊ मुलं जमिनीवर गोल करून बसली होती. मधे कोळशाने काळी केलेली फळी, तिच्यावर खडूची रेघ. पदू मास्तर खुर्चीवर, भिंतीला टेकून. मुलांनी गाडीची जोडणी स्वतः केली होती आणि ती अगदी गबाळी होती. जोड जाडेभरडे, तारा लोंबत होत्या. सुरू केली तर गाडी जागच्या जागी गोल फिरू लागली.

मास्तर खुर्चीवरूनच म्हणाले, "काय झालं रं? मला हितनं दिसत नाय. सांगा."

"गोल फिरतेय, मास्तर."

"कोणत्या अंगाला?"

"डाव्या."

"मग कोणतं चाक काम करीत नाय?"

मुलांची आपसात भांडणं झाली. जनी नावाची एक मुलगी, दोन घट्ट वेण्या, आवाज खणखणीत, म्हणाली, "करतात दोनी. पण डावं उलटं फिरतंय."

"का फिरतंय?"

"ठाव नाय."

"मंग शोधा. तारेला हात लावून कुठनं कुठं जाते ते मोठ्यानं सांगा."

प्रत्येक तार हाताने धरून, कुठून निघाली, कुठे गेली, असं मुलं ओरडून सांगत होती. लाल काळीच्या जागी गेली होती. मला आल्या क्षणी दिसलं होतं. मी पुढे होऊन हात घातला तर मास्तर म्हणाले, "सर, ऱ्हाऊ द्या. बसा तुमी." मुलांसमोर मला असं बोलायला नको होतं.

पाच मिनिटांच्या कामाला दीड तास लागला. मग गाडी चालली. दाराशी आली तेव्हा उन्हाच्या पट्ट्यात शिरून भरकटली. जनी लगेच दप्तर घेऊन उन्हाच्या आड उभी राहिली. मी तिला बाजूला हो म्हणालो, मला गाडी नीट दिसत नव्हती.

मास्तर सबंध वेळ खुर्चीवरून उठले नाहीत. गाडी रेघेच्या टोकाला पोचून थांबली तरी ते विचारत होते, "पोचली का?"

६ नोव्हेंबर

अहवाल लिहिला. पदू मास्तरांवरचा शेरा इथे उतरवून ठेवतो:

"श्री. विरले स्वतः कोणत्याही साधनास हात लावत नाहीत. रोधकावरील रंग त्यांस ओळखता येत नाहीत. सर्व जोडणी विद्यार्थ्यांकडून करवून घेतात. विद्यार्थ्यांनी सांगितल्याशिवाय यंत्र चालले की थांबले हेही त्यांस कळत नाही."

शेवटचं वाक्य जरा बोचरं आहे. दोनदा वाचलं आणि राहू दिलं. खोटं त्यात काही नाही. प्रदर्शनासाठी पाच शाळांची शिफारस केली. त्यांत ती शाळा नाही. जयवंताबाईंची आहे, नागू मास्तरांची आहे. त्यांच्या गाड्या मी केल्या आहेत, त्यामुळे निदान चालतील.

१६ डिसेंबर

पदू मास्तरांना वरच्या कार्यालयातून पत्र गेलं आहे असं ऐकलं. अलिबागला डोळे तपासायला बोलावलं होतं. तपासणी झालीसुद्धा. माझ्या अहवालाचा ह्याच्याशी संबंध नसावा. मी डोळ्यांबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

१७ डिसेंबर

अहवालाची प्रत काढून पुन्हा वाचली.

८ जानेवारी १९८३, शनिवार

अलिबागहून परतलो.

पाच गाड्या एका ओळीत मांडल्या होत्या. काल संध्याकाळी सगळ्या चालल्या. आज परीक्षक आले ते दहाच्या सुमारास, आणि तोपर्यंत खिडकीतून ऊन थेट टेबलावर उतरलं होतं. पहिली गाडी रेघ सोडून सरळ गेली आणि टेबलावरून खाली पडली. दुसरी जागची हलली नाही. तिसरी उन्हापर्यंत गेली आणि भरकटली.

परीक्षक वयस्कर गृहस्थ होते, आवाजात राग नव्हता. मुलाला विचारलं, "काय झालं असेल, बाळ?"

मुलगा म्हणाला, "सदर यंत्र प्रकाशाच्या तत्त्वावर चालते." मी पाठ करून घेतलेलं वाक्य.

"हो, पण आत्ता काय झालं?"

मुलगा नागू मास्तरांकडे बघू लागला. नागू मास्तर माझ्याकडे. पाचही शाळांची मुलं आणि पाचही शिक्षक माझ्याकडे बघत होते. मीही त्या क्षणी गोंधळलो होतो, जोड तपासत होतो, मोटारी तपासत होतो. परीक्षकांनी वहीत काही लिहिलं आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले.

ते गेल्यावर मला दप्तर घेऊन उभी राहिलेली ती मुलगी आठवली. एक पुठ्ठा उन्हाच्या आड धरला. गाडी रेघेवरून टोकापर्यंत गेली. तेव्हा तिथे बघायला कुणी नव्हतं, जयवंताबाई सोडून.

त्या म्हणाल्या, "पदू मास्तरांच्या पोरांना हे माहीत होतं."

मी पुठ्ठा खाली ठेवला.

"सर, मला तुम्हाला एक सांगायचंय. ऑगस्टातच सांगायला हवं होतं, पण त्यांनी शपथ घातली होती. त्यांना दिसत नाही. चार-पाच वर्षं झाली. कडेकडेचं आधी गेलं, मग रंग गेले. आता उजेड आणि सावली, तेवढंच. मी त्यांना रंग सांगत होते. तपकिरी, लाल, असं. तुम्ही मला उठवलंत."

"मला वाटलं, गप्पा मारता."

"हो. सगळ्यांना तेच वाटलं असेल."

"मग ते इतके रविवार येत कशाला होते?"

"ऐकायला. ऐकलेलं सगळं सोमवारी पोरांना सांगायचे. नोकरीची दोन वर्षं राहिली होती त्यांची. तेवढी निघाली असती." मग म्हणाल्या, "आणि सर, माझी गाडी माझ्या मुलींनी केलेली नाही. परीक्षकांनी विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? माझ्या हातात तुम्ही डाखणी एकदाही राहू दिली नाही."

परतीच्या एस.टी.त त्या पुढच्या सीटवर बसल्या होत्या. वडखळ, पेण, खोपोली करत आम्ही आलो. 

११ जानेवारी

पदू मास्तरांना सेवेस अपात्र ठरवून घरी बसवलं. पहिल्या तारखेपासून.

मी कार्यालयाला पत्र लिहिलं. की माझा शेरा चुकीच्या समजुतीने लिहिला गेला, की संपूर्ण वर्गात प्रशिक्षण फक्त ह्याच एका माणसाने मुलांपर्यंत नेलं, की मुलांनी यंत्र करायचं आणि शिक्षकांनी मार्गदर्शन करायचं हा नियम त्यांनीच पाळला. तीनदा लिहून फाडलं, चौथं टपालात टाकलं.

इंदूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाजारात मला कळलं होतं. मला वाटलं, तुम्हालाही कळलं असेल."

२९ जानेवारी

कार्यालयाचं उत्तर आलं. निर्णय वैद्यकीय असून आपल्या अहवालाशी त्याचा थेट संबंध नाही. त्याच पाकिटात दुसरं पत्र. जूनपासून दुसऱ्या तुकडीसाठी माझीच नेमणूक केली आहे. "आपल्या परखड व तपशीलवार अहवालाची नोंद घेण्यात आली आहे."

 वर्गात शिकवताना शब्द येतात आणि मला ते दुसऱ्याच कुणाचे वाटतात. माणूस समोर आंधळा होता. दहा-बारा वेळा माझ्यासमोर बसला, बोट भाजून घेतलं, आणि मी लिहून ठेवलं की लक्ष नसतं.

५ फेब्रुवारी, शनिवार

आज शेलूला गेलो. आधी शाळेत. सकाळची शाळा सुटत होती. नव्या शिक्षकांनी गाडी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. "सरकारी वस्तू. पोरांनी मोडली तर मी जबाबदार," असं ते म्हणाले. त्यांचंही चूक नाही. त्यांना कुणी काही शिकवलेलं नाही.

जनी फाटकाशी भेटली. मला ओळखून थांबली. मी विचारलं, "मास्तरांना भेटता का तुम्ही?"

"जातो की. पर आता पयल्यासारकं नाय बोलत."

"त्यांना दिसत नव्हतं हे तुम्हाला..."

ती म्हणाली, "आमाला तिसरीपासून म्हाईत होतं, सर. फळ्यावर ते रेघ सोडून लिवायचे. मंग आमी ठरवलं, सगळं मोठ्यानं बोलायचं. वाचताना, खेळताना, सगळं. नवा पोर आला की त्याला पयलं हेच सांगायचो." मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी आल्तात तवा पन आमी जोरातच बोलत होतो. तुमाला वाटलं आसल, आमी वांड हाय."

मास्तरांचं घर वाडीच्या टोकाला. अंगणात सुपात वालाच्या शेंगा घेऊन सोलत बसले होते. बोटं इतकी सराईत चालली होती की अनोळखी माणसाला काही कळलं नसतं. माझी चाहूल लागताच म्हणाले, "कोण?"

"मी खडे. कर्जतहून."

"या सर. बसा." आत वळून म्हणाले, "गौरा, च्या टाक गं." त्यांच्या पत्नी गौराबाई दारापर्यंत आल्या, मला बघितलं आणि काही न बोलता आत गेल्या.

मी माफी मागायला आलो होतो. सुरुवातही केली. मास्तरांनी मधेच थांबवलं. "तुमी लिवलं ते खरं होतं, सर. खोटं लिवलं असतं तर मी भांडलो असतो."

"खरं नव्हतं. मला कळलंच नव्हतं."

"ते वेगळं." त्यांनी एक शेंग सोलली. "पेन्शन थोडी कमी बसंल, ती बसंल. पर सकाळी धा वाजले की पाय आपोआप उठतात. मंग हितल्या हितं चार फेऱ्या मारतो."

मी म्हणालो, जूनमध्ये दुसरी तुकडी आहे, मला एकट्याला ती घेता येणार नाही, तुम्ही माझ्याबरोबर या. तुम्ही प्रश्न विचारा, मी कुणाच्याही जोडणीला हात लावणार नाही.

ते हसले. मग मान हलवली. "नाय जमायचं आता. तवा पोरं मला सांगायची ती मास्तर विचारतो म्हणून. आता जो तो सांगंल तो आंधळ्याला दिसत नाय म्हणून. त्यात कोन काय शिकनार?"

चहा आला. गौराबाईंनी कप माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवला.

मास्तर सावकाश म्हणाले, "एक बरं झालं, सर. शेवटच्या दिवसापर्यंत पोरांना कळलं नाय. तेवढं मी सांभाळलं. तुमी शाळेत जाऊन आलात ना? पोरं काय बोलली का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेने वळलेला होता. आयुष्यभर मी बघितलं ते लिहीत आलो, आणि बघितलं तेच खरं मानत आलो.

"नाही," मी म्हणालो. "मुलांना काही माहीत नव्हतं. त्यांना अजून पटत नाहीये."

त्यांनी मान हलवली आणि सुपातली पुढची शेंग उचलली. मी चहा संपवला. परत येताना बांधावर दोनदा बसलो.

दुसऱ्या तुकडीचं पत्र अजून टेबलावर आहे. होकार लिहिलेला नाही, नकारही नाही.